रिकिदोझान

रिकिदोझान (मूळ नाव : किम सिन-राक, जपानी नोंदीतील नाव : मोमोता मित्सुहिरो, जन्म : १४ नोव्हेंबर १९२४, दक्षिण हामग्योंग प्रांत, कोरिया, मृत्यू : १५ डिसेंबर १९६३, टोकियो, जपान) हे कोरियात जन्मलेले सुमो मल्ल, व्यावसायिक कुस्तीगीर आणि कुस्ती-व्यवसायाचे संघटक होते. त्यांना जपानमधील व्यावसायिक कुस्तीचे जनक मानले जाते. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जपानमध्ये हा खेळ प्रथम अमेरिकी सैनिकांच्या करमणुकीसाठी आला. रिकिदोझान यांनी दूरचित्रवाणी, वृत्तपत्रे, पुरस्कर्त्या कंपन्या व राजकारणी यांची सांगड घालून अवघ्या दशकभरात त्याचे राष्ट्रव्यापी उद्योगात रूपांतर केले. धिप्पाड गोऱ्या मल्लांना लोळवणारा जपानी वीर ही त्यांची प्रतिमा या उद्योगाचे भांडवल होती. ते स्वतः जन्माने जपानी नव्हते, ही बाब मात्र त्यांच्या हयातीत सामान्य जपानी प्रेक्षकांपासून दडवून ठेवण्यात आली.

प्रारंभिक जीवन

किम सिन-राक यांचा जन्म झाला तेव्हा कोरिया जपानी साम्राज्याचा भाग होता (१९१०–१९४५). त्यांचे जन्मस्थान आज उत्तर कोरियात मोडते. सिरुम या कोरियाच्या पारंपरिक कुस्तीची घराण्यात आवड होती व त्यांचे थोरले बंधू स्थानिक स्पर्धांत नावाजलेले मल्ल होते. किशोरवयातच सिन-राक हेही या स्पर्धांत उतरू लागले. जपानमधील नागासाकी प्रांतातल्या ओमुरा येथील मोमोता मिनोसुके हे त्या सुमारास कोरियात होते. सुमोसाठी होतकरू मुले हेरण्याची त्यांना हौस होती. त्यांच्या नजरेत हा मुलगा भरला आणि १९४० साली तो टोकियोतील निशोनोसेकी या सुमो आखाड्यात दाखल झाला. सुमोतील मल्ल मूळ नावाने न लढता आखाड्याने दिलेल्या नावाने लढतो. रिकिदोझान हे नाव असेच मिळालेले असून त्यातील चिन्हांचा अर्थ सामर्थ्य, मार्ग आणि पर्वत असा होतो.

सुमो कारकीर्द

मे १९४० मध्ये त्यांनी सुमोच्या सर्वांत खालच्या पायरीवर पदार्पण केले. आखाड्यातील शिस्त कठोर होती. नवख्या मल्लाने ज्येष्ठांची सेवा करायची, स्वयंपाक करायचा आणि मार खाऊन घट्ट व्हायचे, असा तेथील रिवाज होता. परकीय म्हणून त्यांच्या वाट्याला त्याहून अधिक आले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. नोव्हेंबर १९४६ मध्ये ते वरिष्ठ श्रेणीत पोहोचले. जून १९४७ च्या स्पर्धेत त्यांनी विजेतेपदाच्या निर्णायक फेरीपर्यंत मजल मारली, पण योकोझुना हागुरोयामा यांच्यापुढे ते टिकले नाहीत. १९४९ साली त्यांना सेकिवाके हा दर्जा मिळाला. सुमोच्या उतरंडीत योकोझुना व ओझेकी यांच्या खालोखाल हा तिसरा मानाचा दर्जा आहे.

याच सुमारास त्यांना फुप्फुसाच्या परोपजीवी आजाराने ग्रासले. उपचारांचा खर्च आणि एकंदर पैशाचे व्यवहार यांवरून आखाड्याच्या प्रमुखांशी त्यांचा वाद झाला. सप्टेंबर १९५० मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने शेंडीचा बुचडा कापून टाकला व सुमोतून निवृत्ती पत्करली. सुमो मल्लाचा बुचडा निवृत्तीच्या वेळी समारंभपूर्वक, गुरू व आश्रयदाते यांच्या हस्ते उतरवला जातो. तो स्वयंपाकघरातल्या सुरीने एकट्याने कापणे म्हणजे परतीची वाट बंद करणेच होय. यानंतर त्यांनी नित्ता शिन्साकु या कंत्राटदाराच्या बांधकाम कंपनीत नोकरी धरली. अमेरिकी लष्करी तळांची कामे या कंपनीकडे असत. ओमुरा येथील मोमोता घराण्याच्या कुटुंब-नोंदीत त्यांचे नाव चढवण्यात आले ते याच काळात. त्या नोंदीमुळे ते कायद्याच्या दृष्टीने जपानी झाले.

व्यावसायिक कुस्तीत प्रवेश

सप्टेंबर १९५१ मध्ये अमेरिकी कुस्तीगीरांचा एक चमू टोकियोत आला. लष्करी जवानांची करमणूक आणि धर्मादाय निधी हे दौऱ्याचे घोषित उद्देश होते. या चमूचे म्होरके बॉबी ब्रन्स हे होते. पुढे गोल्डफिंगर या जेम्स बाँडपटात टोपीफेक्या खलनायकाची भूमिका करणारे हॅरॉल्ड साकाता हेही त्यात होते. स्थानिक मल्ल मिळाल्यास खेळ रंगेल, या हेतूने त्यांनी माजी सुमोपटू व ज्युदोपटूंना शिकवायला सुरुवात केली. रिकिदोझान यांची पहिली लढत २८ ऑक्टोबर १९५१ रोजी ब्रन्स यांच्याशीच झाली. ती दहा मिनिटांत बरोबरीत सुटली. सुमोच्या लढती बहुधा काही सेकंदांत संपतात, त्यामुळे दहा मिनिटे टिकून राहणेही माजी सुमोपटूला जड जाते.

फेब्रुवारी १९५२ मध्ये ते हवाईला गेले. तेथे ओकी शिकिना या जपानी वंशाच्या कुस्तीगीराने त्यांच्याकडून मेहनत करून घेतली. हवाईहून ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले. या वर्षभराच्या वास्तव्यात ते डावपेच शिकलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी अमेरिकी कुस्तीचा धंदा जवळून पाहिला. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स (एनडब्ल्यूए) या आयोजकांच्या संघटनेने तेथील प्रदेश आपापसांत वाटून घेतलेले होते. प्रत्येक प्रदेशाचा एक धनी असे. जगज्जेता म्हणून मान्य केलेला एकच मल्ल आळीपाळीने सर्वत्र फिरे आणि स्थानिक वीराला विजयाच्या उंबरठ्यावर आणून सोडे. निकाल आधी ठरलेले असत. तिकिटे खपत ती नायक आणि खलनायक यांच्या वैरावर. महायुद्धानंतरच्या अमेरिकेत जपानी मल्लाच्या वाट्याला खलनायकाचीच भूमिका येई. मिठाची मूठ प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत फेकणारा कपटी आशियाई हा तेथील ठरीव साचा होता. रिकिदोझान यांनी मायदेशी परतल्यावर हाच साचा उलटा फिरवला. जपानमध्ये कपट गोऱ्यांचे आणि सचोटी जपानी मल्लाची, अशी त्यांनी मांडणी केली.

मार्च १९५३ मध्ये ते टोकियोला परतले. जुलै १९५३ मध्ये नित्ता आणि मनोरंजन क्षेत्रातील आयोजक नागाता सादाओ यांच्या पाठबळावर त्यांनी जपान प्रो रेसलिंग असोसिएशन (जेडब्ल्यूए) ही संस्था उभारली.

शार्प बंधू आणि चौकातील दूरचित्रवाणी

जपानमधील व्यावसायिक कुस्तीचा आरंभ १९ फेब्रुवारी १९५४ पासून मोजण्याचा प्रघात आहे. त्या दिवसापासून सलग तीन दिवस टोकियोच्या कुरामाए येथील सुमो सभागृहात रिकिदोझान व ज्युदोपटू किमुरा मासाहिको ही जोडी कॅनडाच्या बेन व माइक शार्प या बंधूंशी लढली. शार्प बंधू साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचे होते आणि सॅन फ्रान्सिस्कोत जोडी-कुस्तीचे विजेते म्हणून त्यांचा दबदबा होता. त्यांच्यासमोर पावणेसहा फुटांचे रिकिदोझान लहान दिसत. पाहणाऱ्याच्या मनात जे नाट्य उभे राहायचे, ते या उंचीच्या फरकातूनच.

जपानमध्ये दूरचित्रवाणी नुकतीच आली होती. फेब्रुवारी १९५३ मध्ये एनएचके या सार्वजनिक वाहिनीचे प्रसारण सुरू झाले, तेव्हा देशभरात केवळ ८६६ नोंदणीकृत ग्राहक होते. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या निप्पॉन टीव्ही या खासगी वाहिनीपुढे तर पेचच होता. तिचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून होते, आणि संच विकत घेण्याची ऐपत असलेली घरे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. वाहिनीचे संस्थापक शोरिकी मात्सुतारो यांनी यावर उपाय काढला. रेल्वे स्थानकांसमोर, चौकांत व उद्यानांत उंच खांबांवर मोठे संच बसवून त्यांनी प्रेक्षक रस्त्यावरच गोळा केले. जाहिरातदारांना संचांची संख्या न सांगता पाहणाऱ्या डोळ्यांची संख्या सांगायची, हा त्यांचा हिशेब होता. शार्प बंधूंच्या लढती एनएचके आणि निप्पॉन टीव्ही या दोन्ही वाहिन्यांनी दाखवल्या. टोकियोच्या शिम्बाशी स्थानकासमोर एका संचापुढे सुमारे वीस हजार लोक जमल्याचे वृत्तांत आहेत.

कुस्ती या माध्यमाला फार सोयीची होती. रिंगण लहान, प्रकाश वरून पडणारा, माणसे दोन किंवा चार. त्या काळच्या अवजड कॅमेऱ्याला बेसबॉलचे मैदान पेलवत नसे, कुस्तीचे रिंगण सहज पेलवे. नियम ठाऊक नसलेल्यालाही कोण कोणाला मारतो आहे हे कळे. लढतींचा क्रमही विचारपूर्वक बांधलेला असे. परदेशी मल्ल नियमभंग करत, पंच दुर्लक्ष करी, किमुरा मार खात, आणि प्रेक्षकांची सहनशक्ती संपण्याच्या क्षणी रिकिदोझान दोरावरून आत येऊन तळहाताच्या कडेने तडाखे देऊ लागत. कराटे चॉप या नावाने गाजलेला हा तडाखा मुळात सुमोतील हाताच्या फटक्याचा विस्तार होता. नाव कराटेचे ठेवल्यामुळे त्याला अस्सल जपानी शस्त्राचे वलय मिळाले. देश परकीय ताब्यातून एप्रिल १९५२ मध्येच मोकळा झाला होता. पराभवाची जखम ताजी असलेल्या समाजाला या दृश्यातून काय मिळत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

किमुरा यांच्याशी लढत

किमुरा मासाहिको हे जपानच्या सर्वश्रेष्ठ ज्युदोपटूंपैकी एक होते. ऑक्टोबर १९५१ मध्ये ब्राझीलच्या माराकाना मैदानात त्यांनी एलियो ग्रेसी यांना नमवले होते. शार्प बंधूंच्या मालिकेत सदैव मार खाणाऱ्या जोडीदाराची भूमिका आपल्याला दिली गेली, याची बोच त्यांना लागली. रिकिदोझान यांची कुस्ती हा देखावा असून खऱ्या लढतीत आपणच जिंकू, अशा आशयाचे विधान त्यांनी वृत्तपत्राकडे केले. त्यातून २२ डिसेंबर १९५४ रोजी कुरामाए येथे जपानच्या अजिंक्यपदासाठी या दोघांची लढत ठरली.

सामना बरोबरीत सोडवायचा आणि पुढील लढतींत यश आळीपाळीने वाटून घ्यायचे, असे आधी ठरले होते, असे किमुरा यांनी पुढे सांगितले. प्रत्यक्षात काही मिनिटे संथपणे झटापट झाल्यावर रिकिदोझान एकाएकी खरोखरीचे प्रहार करू लागले. किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळले आणि साधारण सोळाव्या मिनिटाला सामना थांबवण्यात आला. किमुरांचा एक फटका वर्मी लागल्याने आपला संयम सुटला, असा रिकिदोझान यांचा बचाव होता. संताप खरा असेल वा नसेल, व्यवसायाच्या दृष्टीने परिणाम निर्विवाद होता. ज्या एका माणसाची कीर्ती रिकिदोझान यांच्या कीर्तीला शह देऊ शकत होती, तो त्या रात्री बाजूला झाला. पश्चिम जपानमध्ये उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्धी कुस्ती संस्था, त्यांत किमुरांचीही एक होती, पुढील दोन-तीन वर्षांत बंद पडल्या.

या लढतीने एक धोकाही उघडा पडला. सामने ठरवून खेळले जातात, ही कुजबुज किमुरांच्या निमित्ताने छापील झाली होती. नुरा कुस्ती म्हणून आपल्याकडे जिची हेटाळणी होते, तिचाच हा संशय होता. प्रतिष्ठित दैनिकांच्या क्रीडापानांवरून कुस्तीच्या बातम्या हळूहळू कमी झाल्या. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या डावांचे अनुकरण करताना मुले जखमी झाल्याच्या घटनांनी टीकेत भर पडली. रिकिदोझान यांनी या टीकेला वादाने उत्तर देण्याऐवजी नवनव्या स्पर्धा व किताब उभे करून उत्तर दिले.

अजिंक्यपदांचा बाजार

व्यावसायिक कुस्तीत अजिंक्यपद ही मालमत्ता असते. ज्याच्या हाती पट्टा, त्याच्या तिकिटाला भाव. रिकिदोझान यांना हे पुरते उमगले होते. १९५५ साली त्यांनी मुष्टियुद्धाचे माजी जगज्जेते प्रिमो कार्नेरा यांना जपानमध्ये आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा भरवण्यात आली. भारतीय वाचकाच्या दृष्टीने ही स्पर्धा विशेष लक्षणीय आहे, कारण सिंगापूर व भारत येथे नाव मिळवलेले किंग काँग (एमिल चाया), टायगर जोगिंदर आणि दारा सिंग हे मल्ल तीत उतरले होते. किंग काँग व जोगिंदर यांच्या जोडीने जोडी-कुस्तीचा आशियाई किताब मिळवला. २२ नोव्हेंबर १९५५ रोजी किंग काँग यांना हरवून रिकिदोझान एकेरीचे आशियाई विजेते झाले. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारा सिंग व किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना ज्या प्रकारची गर्दी होई, तिचेच जपानी रूप टोकियोत दिसत होते. मल्लही तेच होते. याच वर्षी त्यांच्या जीवनावर एक जपानी चित्रपट निघाला व त्यात त्यांनी स्वतःच काम केले.

ऑक्टोबर १९५७ मध्ये एनडब्ल्यूएचे जगज्जेते लू थेझ जपानला आले. टोकियोच्या कोराकुएन मैदानावरील त्यांची व रिकिदोझान यांची तासभराची लढत बरोबरीत सुटली. एका पाहणीनुसार दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी ८७ टक्के प्रेक्षक या लढतीकडे डोळे लावून होते. बरोबरी हा येथे सौदा होता. थेझ यांचे पद अबाधित राहिले, आणि रिकिदोझान जगज्जेत्याच्या तोडीचे ठरले. मात्र पाहुण्या विजेत्याच्या येण्यावर अवलंबून राहणे त्यांना परवडणारे नव्हते. ऑगस्ट १९५८ मध्ये लॉस एंजेलिस येथे थेझ यांना हरवून आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवल्याचे त्यांनी जाहीर केले. अमेरिकेत या पदाला फारसे वजन नव्हते. जपानमध्ये मात्र ते सर्वोच्च मानले गेले, आणि मुख्य म्हणजे ते कायमचे घरात आले. (हेच थेझ पुढे १९६८ साली मुंबईत दारा सिंग यांच्याशी लढले.)

१९५९ पासून दरवर्षी विविध देशांच्या मल्लांना बोलावून जागतिक लीग स्पर्धा भरवली जाऊ लागली. १९५९ ते १९६३ या पाचही वर्षी ती रिकिदोझान यांनीच जिंकली, यात नवल नाही. स्पर्धा त्यांची, संस्था त्यांची आणि निकाल ठरवणारेही तेच.

पुरस्कर्ते आणि इतर उद्योग

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात निप्पॉन टीव्हीवर शुक्रवारी रात्री आठ वाजता कुस्तीचा नियमित कार्यक्रम सुरू झाला. मित्सुबिशी इलेक्ट्रिक ही कंपनी त्याची पुरस्कर्ती होती. काही काळ ही वेळ एका आठवड्याला कुस्ती आणि दुसऱ्या आठवड्याला वॉल्ट डिस्नेचा कार्यक्रम अशी विभागलेली असे. दोन लढतींच्या मध्ये रिंगणाची सफाई मित्सुबिशीच्याच निर्वात झाडणीयंत्राने केली जाई व कॅमेरा ती निवांतपणे टिपत राही. रक्त सांडलेल्या रिंगणावरून फिरणारे ते घरगुती यंत्र त्या पिढीच्या स्मरणात आजही आहे. जाहिरात कार्यक्रमाच्या मध्ये न येता कार्यक्रमाच्या आतच घडावी, ही कल्पना त्या काळी नवी होती. मे १९५८ मध्ये जपानमधील दूरचित्रवाणी ग्राहकांची संख्या दहा लाखांवर गेली आणि मार्च १९६२ मध्ये एक कोटीवर. या वाढीचे सारे श्रेय कुस्तीला देणे अतिशयोक्तीचे होईल. राजपुत्राचा १९५९ चा विवाह आणि वाढते वेतन यांचा वाटा मोठा आहे. पण चौकातला प्रेक्षक दिवाणखान्यात नेणाऱ्या पहिल्या कार्यक्रमांत कुस्ती अग्रभागी होती, हे निश्चित.

कमावलेला पैसा रिकिदोझान यांनी जमिनीत व इमारतींत गुंतवला. टोकियोच्या आकासाका भागात त्यांनी आलिशान सदनिकांची इमारत बांधली, रात्रीचा क्लब काढला आणि १९६१ साली शिबुया येथे रिकी स्पोर्ट्स पॅलेस हे नऊ मजली संकुल उभारले. त्यात कुस्तीचे सभागृह, व्यायामशाळा, उपाहारगृह व स्नानगृहे होती. मृत्यूच्या वेळी सागामी सरोवराजवळ गोल्फ मैदानाचे काम चालू होते. ही गुंतवणूक बहुतांशी कर्जावर उभी होती आणि तिचे हप्ते रिंगणातल्या उत्पन्नातून फेडायचे होते. पस्तिशी ओलांडलेल्या, जखमांनी जर्जर शरीराला विश्रांती देणे त्यांना म्हणूनच शक्य नव्हते.

उत्तराधिकारी तयार करण्याची निकडही त्यातलीच. बेसबॉल सोडलेले बाबा शोहेई (जायंट बाबा) आणि ब्राझीलमध्ये स्थलांतरित झालेल्या कुटुंबातील इनोकी कान्जी (अँतोनियो इनोकी) यांना त्यांनी हाताशी धरले. ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी दोघांचे पदार्पण झाले. वस्ताद म्हणून ते निर्दय होते. शिष्यांना मारहाण करणे, चारचौघांत अपमान करणे हे नित्याचे होते, आणि इनोकी यांच्या वाट्याला ते अधिक आले. सुमोच्या आखाड्यात त्यांना जे मिळाले, तेच त्यांनी पुढे दिले.

एप्रिल १९६२ मध्ये अमेरिकी मल्ल फ्रेडी ब्लासी याने चावे घेऊन प्रतिस्पर्ध्याला रक्तबंबाळ केल्याची दृश्ये प्रक्षेपित झाली. ती पाहताना काही वृद्ध प्रेक्षक दगावल्याच्या बातम्या आल्या व दूरचित्रवाणीवर काय दाखवावे याची चर्चा देशभर झाली. प्रेक्षकसंख्या मात्र घटली नाही. २४ मे १९६३ रोजी टोकियोत मुखवटाधारी मल्ल द डिस्ट्रॉयर याच्याशी झालेल्या त्यांच्या लढतीला ६४ टक्के प्रेक्षकमान मिळाले. जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वोच्च आकड्यांत त्याची गणना होते.

ओळखीचा प्रश्न

अधिकृत चरित्रांत रिकिदोझान हे ओमुरा येथे जन्मलेले जपानी असल्याचे सांगितले जाई. कुस्तीविश्वातील अनेकांना आणि जपानमधील कोरियन समाजाला सत्य ठाऊक होते. वृत्तपत्रांनी ते छापले नाही. त्या काळी जपानमधील कोरियनांना नोकरी, घरभाडे, विवाह अशा प्रत्येक बाबतीत भेदभावाला सामोरे जावे लागे, त्यामुळे ओळख लपवणे ही हजारो कुटुंबांची रोजची गरज होती. रिकिदोझान यांच्याबाबतीत त्यात व्यवसायाचाही प्रश्न मिसळला. जपानी वीर हे त्यांच्या मालाचे नाव होते, आणि ते फुटले असते तर वाहिनी, पुरस्कर्ता व सावकार या सर्वांचेच नुकसान होते. हे मौन एकट्या रिकिदोझान यांचे नव्हते, ते बाजाराचेही होते.

तरीही त्यांनी आपल्या माणसांकडे पूर्ण पाठ फिरवली नाही. कोरियातून चोरवाटेने आलेले किम इल (जपानी नाव ओकी किन्तारो) हे मल्ल पकडले गेले, तेव्हा राजकीय वजन वापरून त्यांची सुटका करवून त्यांनी त्यांना शिष्य केले. फाळणीनंतर रिकिदोझान यांचे मूळ गाव उत्तर कोरियात गेले होते. तेथे त्यांची एक कन्या वाढत होती. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी दक्षिण कोरियाला भेट दिली. तेथे त्यांचे मायदेशी परतलेल्या वीराप्रमाणे स्वागत झाले. जपानमध्ये या भेटीचा गाजावाजा होऊ नये अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासंबंधी बातमी छापून आल्यावर ते संतापल्याचे सांगतात. जून १९६३ मध्ये त्यांनी जपान एअरलाइन्समधील हवाईसुंदरी तानाका केइको यांच्याशी थाटात विवाह केला. 

गुन्हेगारी जगाशी संबंध

जपानमधील जत्रा, नाटक, गायन यांचे फिरते कार्यक्रम परंपरेने स्थानिक टोळ्यांच्या, म्हणजे याकुझांच्या, हाती असत. एखाद्या शहरात कुस्तीचा फड भरवायचा तर सभागृह, तिकीटविक्री व सुरक्षा यांसाठी त्यांच्याशी व्यवहार करणे भागच पडे. पश्चिम जपानमध्ये यामागुची-गुमीचे प्रमुख ताओका काझुओ यांचा मनोरंजन व्यवसाय होता, तर टोकियोत कोरियन वंशाचे टोळीप्रमुख माचिई हिसायुकी हे रिकिदोझान यांच्या निकटवर्तीयांपैकी होते. संस्थेच्या वरच्या पदांवर सत्ताधारी पक्षाचे वजनदार नेते ओनो बांबोकु यांच्यासारख्यांची नावे झळकत. वरून राजकारणी आणि खालून टोळ्या, अशा दुहेरी आधारावर हा उद्योग उभा होता. रिकिदोझान स्वतः मद्यपी व तापट होते, आणि रात्रीच्या क्लबांतील मारामाऱ्या त्यांच्या नावावर वारंवार जमा होत.

मृत्यू

७ डिसेंबर १९६३ रोजी हामामात्सु येथे ते अखेरची कुस्ती लढले. दुसऱ्या रात्री आकासाका येथील न्यू लॅटिन क्वार्टर या क्लबात सुमियोशी टोळीशी संबंधित एका तरुणाशी त्यांची क्षुल्लक कारणावरून बाचाबाची झाली. रिकिदोझान यांनी त्याला खाली पाडून मारले, आणि त्याने सुरी काढून त्यांच्या पोटात खुपसली. जखम प्रारंभी प्राणघातक वाटली नाही. शस्त्रक्रियाही झाली. परंतु उदरपोकळीत जंतुसंसर्ग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि १५ डिसेंबर रोजी रात्री वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेनंतर मनाई असताना त्यांनी पाणी वा मद्य घेतल्याची दंतकथा प्रचलित आहे. त्याउलट उपचारांतील चुकांकडेही अनेकांनी बोट दाखवले आहे. हल्लेखोराला तुरुंगवासाची शिक्षा झाली. टोकियोतील इकेगामी होनमोंजी या बौद्ध मंदिराच्या आवारात त्यांची समाधी व अर्धपुतळा आहे. त्यांच्या पत्नी त्यावेळी गरोदर होत्या. कन्येचा जन्म पुढील वर्षी झाला. पतीमागे त्यांच्या वाट्याला संपत्तीपेक्षा कर्जाचा बोजाच अधिक आला.

नंतरचा काळ

रिकिदोझान यांच्यामागे जेडब्ल्यूए काही वर्षे बाबा व इनोकी यांच्या लोकप्रियतेवर चालली. अंतर्गत बेबनावातून इनोकी यांना १९७१ च्या अखेरीस काढून टाकण्यात आले. १९७२ साली इनोकी यांनी न्यू जपान प्रो-रेसलिंग आणि बाबा यांनी ऑल जपान प्रो रेसलिंग या संस्था स्थापन केल्या, आणि १९७३ मध्ये मूळ संस्था बंद पडली. रिकिदोझान यांचे पुत्र मोमोता मित्सुओ हेही कुस्तीगीर झाले.

त्यांच्या कोरियन जन्माची चर्चा जपानमध्ये मोकळेपणाने सुरू झाली ती मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. उत्तर कोरियाने त्यांना राष्ट्रवीर म्हणून गौरवले. तेथील त्यांच्या कन्येचे पती पाक म्योंग-चोल हे क्रीडा प्रशासनातील उच्चपदस्थ होते. एप्रिल १९९५ मध्ये इनोकी यांनी प्योंगयांगच्या मे डे स्टेडियममध्ये दोन दिवसांचा कुस्ती महोत्सव भरवला, तेव्हा गुरूचे मूळ गाव ज्या देशात आहे तेथे जाणे हा त्याचा एक घोषित हेतू होता. २००४ साली त्यांच्या जीवनावर दक्षिण कोरिया व जपान यांच्या सहनिर्मितीतून चित्रपट निघाला. त्यात प्रमुख भूमिका सोल क्योंग-गु यांनी केली. अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीने २०१७ मध्ये आपल्या सन्मान-दालनात त्यांच्या नावाचा समावेश केला.